मॅक्रोफेजच्या पोटातला परजीवी कसा टिकून राहतो, हे प्रयोगशाळेत कसे तपासावे

परका जीव दिसताच मॅक्रोफेज ही रोगप्रतिकारक पेशी त्याला वेढते, पडद्याच्या पिशवीत म्हणजे फॅगोसोममध्ये बंद करते आणि ती पिशवी आम्लाने व विकरांनी भरलेल्या लायसोसोमशी जोडून आतला ऐवज पचवते. असे असूनही लिशमानिया, टोक्सोप्लाझ्मा आणि ट्रिपॅनोसोमा क्रूझी हे परजीवी याच पेशींत वाढतात. मात्र पेशीच्या आत परजीवी दिसला म्हणजे तो तगला, असे मानणे ही या कामातली सर्वांत मोठी फसगत आहे, कारण नुकताच मारला गेलेला परजीवीही काही तास तसाच दिसतो. म्हणून जिवंत परजीवींच्या शेजारी मारलेल्या परजीवींचा तुलनागट पहिल्यापासून ठेवावा. तो नसेल, तर पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ उरत नाही.

काम जैवसुरक्षा स्तर २ च्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या रोगजंतूंसाठी सज्ज असलेल्या, प्रयोगशाळेतच करावे. लिशमानियाचे प्रोमॅस्टिगोट, म्हणजे पोहणारी रूपे, संवर्धनाची वाढ थांबल्यानंतरच्या टप्प्यातून घ्यावेत, कारण संसर्गक्षम रूपे त्या टप्प्यात अधिक असतात. वर्षानुवर्षे माध्यमातच वाढवलेला वाण बहुधा आपली संसर्गक्षमता गमावून बसलेला असतो. काचपट्टीला चिकटलेल्या मॅक्रोफेजवर परजीवी थोडा वेळच ठेवावेत आणि बाहेर उरलेले नीट धुऊन काढावेत, म्हणजे सर्व पेशींत संसर्गाची सुरुवात साधारण एकाच वेळी होते. त्यानंतर ४, २४, ४८ आणि ७२ तासांनी काचपट्ट्या स्थिर करून गिम्सा रंगाने रंगवाव्यात.

मोजणी तैलनिमज्जन भिंगाखाली करावी. लिशमानियाचा अमॅस्टिगोट, म्हणजे पेशीच्या आत वाढणारे रूप, २ ते ४ मायक्रोमीटरचा, लांबट गोल असतो. त्यात जांभळट केंद्रक आणि त्याच्या जवळ अधिक गडद, काडीसारखा कायनेटोप्लास्ट हा डीएनएचा पुंजका दिसतो. हे दोन्ही ठिपके दिसल्याशिवाय कण मोजू नये, अन्यथा रंगाचा गाळही परजीवी म्हणून नोंदला जातो. संसर्ग झालेल्या पेशींची टक्केवारी आणि दर संसर्गित पेशीमागे परजीवींची सरासरी या दोन्ही संख्या स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. पहिली घटत असताना दुसरी वाढू शकते, म्हणजे बहुतेक पेशींनी परजीवी संपवलेले असतात आणि उरलेल्यांत ते वाढत असतात. केवळ एकच आकडा दिल्यास ही गोष्ट झाकली जाते. शंका राहिल्यास पेशी फोडून आतला ऐवज सुमारे २६ अंश सेल्सिअसच्या माध्यमात ठेवावा: जिवंत अमॅस्टिगोट काही दिवसांत पुन्हा पोहणारे प्रोमॅस्टिगोट होतात.

टिकण्याची तऱ्हा ओळखण्यासाठी लायसोसोमच्या पडद्यावरील लॅम्प-१ या प्रथिनाविरुद्धचे चमकते प्रतिपिंड वापरावे. टोक्सोप्लाझ्मा गिळला जाण्याची वाट पाहत नाही. तो स्वतः आत घुसतो, आणि घुसताना यजमानाची पडदाप्रथिने वगळून तयार केलेल्या त्याच्या पिशवीशी लायसोसोम जुळतच नाही. त्यामुळे तिथे लॅम्प-१ दिसत नाही, पण मारलेला किंवा प्रतिपिंडांनी माखलेला टोक्सोप्लाझ्मा नेहमीच्या वाटेने गिळला जातो आणि त्याच्याभोवती ते दिसते. ट्रिपॅनोसोमा क्रूझीभोवती सुरुवातीला दिसणारे लॅम्प-१ काही तासांनी नाहीसे होते, कारण तो पिशवी भेदून पेशीद्रवात उतरतो आणि तिथेच विभागतो. लिशमानियाचा निकाल मात्र घाईने वाचू नये. प्रोमॅस्टिगोटच्या पृष्ठभागावरील लायपोफॉस्फोग्लायकॅन हा साखर व मेदाचा रेणू लायसोसोमशी होणारी जोडणी आरंभी लांबवते. पुढे अमॅस्टिगोट लॅम्प-१ असलेल्या, आम्लधर्मी पिशवीतच वाढतात आणि त्यांचे चयापचय तशाच आम्लात सर्वाधिक वेगाने चालते. फक्त चौथ्या तासाची काचपट्टी पाहणारा लिशमानियाला टोक्सोप्लाझ्माच्या रांगेत बसवण्याचा संभव आहे.

शेवटी हाच प्रयोग इंटरफेरॉन-गॅमा हे रोगप्रतिकारक संदेशप्रथिन आणि जिवाणूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड यांनी उद्दीपित केलेल्या उंदराच्या मॅक्रोफेजवर करावा. अशा पेशी नायट्रिक ऑक्साइड हा परजीवींना मारक वायू बनवतात आणि लिशमानियाची संख्या घटते. घट खरोखर नायट्रिक ऑक्साइडमुळेच आहे का, हे ठरवण्यासाठी ते बनवणाऱ्या विकराचा अवरोधक दिलेला एक गट सोबत ठेवावा. त्या गटात परजीवी पुन्हा वाढले, तर कारण तेच. मानवी मॅक्रोफेज संवर्धनात नायट्रिक ऑक्साइड फारच कमी बनवतात, त्यामुळे उंदराच्या पेशींतला हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावू नये.