परदेश दौऱ्यावर निघणाऱ्या कलाकारांनी या चुका टाळाव्यात

आपल्याकडचा मैफलींचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो, त्यामुळे शास्त्रीय संगीताचे अमेरिका-कॅनडाचे दौरे बहुधा एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात आखले जातात. तबल्याच्या संगतीसाठी अशा दौऱ्यांवर जाताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कलाकार वर्षभर रागांवर मेहनत घेतो, आणि वाद्य, वेळ, गळा व कागदपत्रे या चार गोष्टी मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. रियाझ कमी पडला म्हणून फसलेला दौरा माझ्या पाहण्यात क्वचितच आहे. या चार कारणांनी फसलेले मात्र पुष्कळ आहेत.

निघण्याच्या तोंडावर नवी पुडी चढवणे

तबलावादकांची ही सर्वांत लाडकी चूक आहे. मोठा दौरा आहे, तेव्हा तबला नवाकोरा वाजला पाहिजे, या हौसेपोटी निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचे मढवलेले कातडे, बदलली जाते. नव्या पुडीचे कातडे सुरुवातीचे काही आठवडे ताणत राहते, वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) पुन्हा ओढून घ्यावी लागते, आणि पुडीवरचा काळा गोल, म्हणजे शाई, तोही वाजवून वाजवूनच खुलतो. हे सगळे पुण्यात घडत असेल तर तबला काखेत मारून कारागिराकडे जाता येते. मिनिआपोलिसमध्ये कोणाकडे जाणार? त्यात विमानाच्या केबिनमधील आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि थंडीच्या दिवसांत अखंड हीटर चालणाऱ्या घरांतली हवाही फारशी वेगळी नसते. अशा हवेत कातडे सुकते, आकसते आणि सूर आपोआप चढू लागतो. पावसाळ्यात कोकणात जो तबला उतरून बद्द बोलतो, तोच तिथे न ठोकता वर चढत जातो.

एका नोव्हेंबरात अशाच दौऱ्यावर आमच्याबरोबर एक तरुण तबलावादक होता. हात अतिशय तयार, आणि घाईही तितकीच तयार. मी त्या दौऱ्यात वाद्यवादकाच्या साथीला होतो आणि तो गायकाच्या. गायकाचा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा). या मुलाने काळी एकच्या दोन्ही तबल्यांना निघण्याच्या तोंडावर नव्या पुड्या चढवल्या होत्या. यजमानांच्या घरी पोहोचल्यावर त्याने कव्हर लगेच उघडले, दोन्ही तबले हीटरच्या झरोक्याजवळ ठेवले आणि झोपी गेला. सकाळी दोन्ही तबले पांढरी दोनच्या, म्हणजे अर्धा सूर वरच्या पट्टीच्या, जवळ गेलेले होते. सूर उतरवण्यासाठी त्याने गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या चामड्यावर, खालून हातोडी मारायला सुरुवात केली. थोडा उतरला की तासाभराने पुन्हा चढे, की हा पुन्हा हातोडी घेई. दुपारी ध्वनिचाचणीच्या वेळी पहिल्या तबल्याच्या चाटेला, म्हणजे कडेच्या कातड्याला, गजऱ्यालगत बोटभर चीर गेली. दुसरा काढला, तर त्याची शाई एका बाजूने पोपडे धरू लागलेली. शेवटी गावातल्या एका विद्यार्थ्याचा तबला मागून आणला. तो होता पांढरी दोनचा. काळी एकपर्यंत उतरवला की त्याची आस निघून जाई आणि नुसता ठप्प आवाज उरे. त्यामुळे गायकांनाच आपला षड्ज अर्ध्या सुराने वर घ्यावा लागला. अर्धा सूर ऐकायला किरकोळ वाटतो, पण साठी ओलांडलेल्या गळ्याला तार सप्तकातल्या गंधारावर तो अर्धा सूर काय करतो, हे त्या संध्याकाळी सभागृहातल्या जाणकारांना स्पष्ट ऐकू आले. दोष मात्र श्रोत्यांनी गायकांच्या वयाला दिला.

माझी पद्धत सरळ आहे. दौऱ्याच्या निदान दीड महिना आधी पुडी बदलावी आणि तो तबला रोज वाजवावा. निघताना ‘जुना झाला’ असे वाटणारा तबलाच बरोबर न्यावा. दुसरा तबला हा पहिल्याचा जुळा भाऊ नसावा. त्याची पुडी वेगळ्या वेळी चढवलेली असावी, म्हणजे दोन्ही एकदम दगा देत नाहीत. पोहोचल्यावर वाद्य काही तास कव्हरमध्येच राहू द्यावे, झरोका, खिडकी आणि फायरप्लेस यांपासून लांब. कव्हरमध्ये मी भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंजचा तुकडा ठेवतो. तो कातड्याला लागता कामा नये. बाजारात आर्द्रता राखणारी तयार पाकिटे मिळतात आणि ती उत्तम आहेत, परंतु हातभर लांबीच्या यादीतली ती एक वस्तू विसरली की साबणाची डबीच कामाला येते. दहा मिनिटांत तबला लावून देणारे उपाय सांगणाऱ्या चित्रफिती बघून कातड्यावर पाणी शिंपडणाऱ्यांना मात्र मी काही सांगत नाही. त्यांना शाई सांगते.

हातोडी केबिनमधल्या पिशवीत ठेवू नये. सुरक्षा तपासणीत ती जप्त होते आणि मग पहिल्या कार्यक्रमाला हार्डवेअरच्या दुकानातली हातोडी आणावी लागते.

सतार आणि तानपुऱ्याच्या तारा प्रवासापूर्वी उतरवाव्यात आणि घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, मऊ कापड द्यावे. मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतातून येऊन कारागिराच्या हाताखाली महिनोन्महिने तयार होतो. विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यावर तो फुटायला एक आपट पुरते. ‘नाजूक’ अशी चिठ्ठी डकवून हे टळत नाही, कठीण कवचाची पेटीच लागते. जुन्या वाद्यावर हस्तिदंताची नक्षी असेल तर ते वाद्य घरीच ठेवावे, कारण अमेरिकेत २०१६ पासून हस्तिदंताचे नियम फार कडक आहेत. शिसवी लाकडाच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंधांतून सूट मिळाली, त्यामुळे त्याची धास्ती आता उरलेली नाही.

घड्याळ न पाहता राग ठरवणे

दुसरी चूक गायकांची आणि वादकांची, आणि तिच्याबद्दल बोलले की लोक नाराज होतात. दौऱ्यासाठी म्हणून मालकंस, बागेश्री, दरबारी असे रात्रीच्या वेळचे भारदस्त राग तयार केले जातात आणि प्रत्यक्षात पत्रिका हाती येते तेव्हा कळते की निम्मे कार्यक्रम शनिवार-रविवारी दुपारी चार वाजता आहेत. परदेशातल्या मंडळांना शाळेचे किंवा विद्यापीठाचे सभागृह ठरावीक तासांसाठी मिळते, मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या श्रोत्यांना लांबून गाडी चालवत परत जायचे असते, आणि सभागृह रिकामे करायला उशीर झाला तर त्याचे जादा पैसे मंडळाच्या खिशातून जातात. दुपारी चारला भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी या त्या वेळच्या रागांशिवाय गत्यंतर नाही, आणि हे राग ‘आयत्या वेळी गाऊन टाकू’ म्हणण्याइतके सोपे कधीच नव्हते. मुलतानीचा कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम तयारीविना कसे लागतात, हे मी तबल्यावरून तोंड न वळवता ऐकलेले आहे.

याच्या उलट प्रकार जूनमध्ये घडतो. लंडनला त्या दिवसांत सूर्य रात्री नवानंतर मावळतो. साडेसातच्या कार्यक्रमात घड्याळाप्रमाणे सूर्यास्तानंतरचा यमन योग्य, पण खिडकीबाहेर लख्ख ऊन. घड्याळाने जायचे की सूर्याने, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या गुरूंना विचारून घरीच सोडवावा. मला स्वतःला अशा वेळी आधी मावळतीचा पूरिया धनाश्री आणि मध्यंतरानंतर यमन हा क्रम पटतो. मंचावर बसल्यावर संगतकारांच्या कानात ‘काय घेऊ या?’ असे विचारणे, याला उत्स्फूर्तता म्हणत नाहीत.

वेळेच्या लांबीचेही तसेच. पहिला भाग सत्तर मिनिटांचा असे आयोजकांनी तीन महिने आधी लिहून कळवलेले असते, आणि कलाकार विलंबित ख्यालाच्या आलापातच पन्नास मिनिटे रमतो. मग द्रुत बंदिश पळवली जाते, तबलजीला दिलेली आवर्तने परत घेतली जातात, आणि ज्या भैरवीसाठी लोक थांबले ती तीन मिनिटांत उरकते. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवातसुद्धा कलाकाराला वेळ बांधून दिलेली असते. मग हीच शिस्त समुद्रापार का विरघळते, हे मला कळलेले नाही. दौऱ्याच्या आधी निदान चार बैठका घड्याळ समोर ठेवून, संगतकारांसह, पंचेचाळीस, सत्तर आणि नव्वद मिनिटांच्या कराव्यात. आठ राग अर्धेमुर्धे नेण्यापेक्षा दुपारचे दोन, संध्याकाळचे दोन आणि रात्रीचे दोन पक्के न्यावेत. माझ्या डग्ग्याच्या कडेला एक छोटे घड्याळ असते. गायकांना ते आवडत नाही, तरी मध्यंतरापूर्वी सगळे त्याच्याकडेच बघतात.

आवाजाच्या व्यवस्थेबद्दल गप्प राहणे

तिथला तंत्रज्ञ कुशल असतो, पण त्याने तानपुरा पाहिलेला असेलच असे नाही. गिटारच्या सवयीने तो हळू आवाज आपोआप बंद करणारी यंत्रणा लावतो आणि गायक थांबला की तानपुराही नाहीसा होतो. म्हणून मंचाचा साधा नकाशा महिनाभर आधी पाठवावा: बैठकीचा चौथरा किती लांब-रुंद, त्यावर गालिचा, कोण कुठे बसणार, तबल्याला दोन मायक्रोफोन, मंचावरच्या स्पीकरमध्ये कोणाला काय ऐकू यायला हवे, आणि ‘तानपुरा कधीही बंद करू नये’ हे ठळक अक्षरांत. चौथऱ्याच्या डोक्यावर वातानुकूलनाचा झोत येत असेल तर तो बंद करून घ्यावा. वाद्ये पडद्यामागे लावून यावीत, मंचावर फक्त दिव्यांच्या उष्णतेपुरती जुळवणी उरावी. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्ये जुळवत असतानाच श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या वाजवल्या होत्या. पंडितजींनी तो प्रसंग हसून निभावला. इतरांनी असा प्रसंग आपल्यावर ओढवून घेऊ नये.

फोनवरचा तानपुरा वापरायचा असेल तर फोन विमान-स्थितीत ठेवावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर चालतो का, हे घरीच त्याच्या अडॅप्टरवर वाचून घ्यावे. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकू नयेत, त्या हातातल्या पिशवीतच लागतात.

पाहुणचाराला नाही न म्हणणे

यजमान प्रेमाने बोलावतात, पुरणपोळी करतात, रात्री दोनपर्यंत जुन्या मैफलींच्या गप्पा मारतात, आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्यांना बोलावून ‘सहज एखादी बंदिश’ म्हणायला लावतात. गळा गाण्याने बसत नाही, अशा गप्पांनी बसतो. उतरल्यावरचा दिवस मोकळा ठेवावा आणि तो खरोखर मोकळा जाऊ द्यावा, कारण उन्हाळ्यात शिकागोत संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे सहा वाजलेले असतात आणि अंगाला तेच घड्याळ माहीत असते. घरगुती मैफल करायचीच असेल तर ती मुख्य कार्यक्रमानंतर ठेवावी. हे आयोजकांना पत्रातच लिहून कळवावे. दारात उभ्या असलेल्या काकूंना नाही म्हणणे कोणालाच जमत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जाहीर कार्यक्रम करता येत नाही. तिथल्या आयोजकाने कलाकारासाठी अर्ज करावा लागतो, आणि संगतकारांचे अर्जही वेगळे असतात. ‘तबल्याचे नंतर बघू’ असे म्हणणाऱ्या आयोजकाला करारापूर्वीच खडसावून विचारावे. मानधनातून बहुधा ३० टक्के कर तिथेच कापला जातो, म्हणून संगतकारांचे मानधन ठरवताना ते कापून की न कापता, हे आकड्यासह लिहून घ्यावे. महागडी वाद्ये नेताना भारतातून निघण्यापूर्वी सीमाशुल्क कार्यालयाकडून त्यांची नोंद करून घेतली, तर परतताना मुंबईला ‘ही कधी घेतली?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला कागद हातात असतो. ही नोंद विमानतळावरही होते, मात्र त्यासाठी नेहमीपेक्षा दोन तास आधी पोहोचावे लागते.