जुन्या शाळेचं ऑफिस करताय? या चुका टाळा

जुन्या ठाण्यातली शाळेची कौलारू इमारत ऑफिससाठी हाती आली की कुणीतरी लगेच सुचवतं, "भिंती खरवडून सिमेंटने पक्क्या करून घ्या." नेमकं हेच करू नका. या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. जमिनीतून चढलेली, पावसात मुरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते. भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, पोपडे सुटतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात हे फार लवकर दिसतं.

पोपडे आलेच असतील तर वरून रंग मारू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, गळका पाइप, नाहीतर पेव्हर ब्लॉक टाकताना जोत्यापर्यंत उंचावलेलं अंगण. या शेवटच्या कारणाकडे कुणी बघतच नाही. ते दूर करून सिमेंट हलक्या हाताने काढा, भिंत एक उन्हाळा वाळू द्या, मग चुना-सुर्खीचा (सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी) गिलावा करा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे हे काम मे महिन्याच्या अखेरीस काढू नका.

दुसरी चूक फॉल्स सीलिंगची. वर्गांची उंची हीच या इमारतीची खरी श्रीमंती आहे. गरम हवा वर जाते, झरोक्यांतून निघते, खाली पंख्यावर काम भागतं. छत झाकलंत तर एसीचं बिल वाढेल, शिवाय गळती आणि वाळवी दोन्ही नजरेआड होतील. एसी मीटिंग रूमपुरता ठेवा.

वजनाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्याच. भारतीय मानकानुसार वर्गखोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरतात, फाइलींच्या खोलीसाठी सुमारे ५००. आणि जुना लाकडी मजला तर कुठल्याही मानकाच्या आधीचा असू शकतो. कपाटं, यूपीएसच्या बॅटऱ्या तळमजल्यावर, जोत्याहून वर ठेवा.

सोलर पॅनेल कौलांवर घालू नका. कौलं फुटतात, वाशांवर भार येतो. आवारात सायकल शेड असेल तर तिच्यावर बसवा.

इमारत वारसा यादीत आहे का, हे कंत्राटदार नेमण्याआधी महापालिकेत विचारा. असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते.