तक्त्यावर साल बघा: प्रसूतिशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

रेसिडेन्सीच्या पहिल्याच महिन्यात मी लेबर रूमच्या भिंतीवरचा तक्ता पाठ करून टाकला होता. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, सुरू, तिथून पुढे तासाला एक सेंटिमीटर. एका रात्री एक पहिलटकरीण चारवर येऊन तीन तास तिथेच थांबली. बाळाचे ठोके छान, गर्भजल स्वच्छ, तिची नाडी आणि बीपी ठीक. मी फोनवर म्हटलं, "मॅडम, प्रोग्रेस नाही. सिझेरियनची तयारी करू का?" त्या आल्या, तपासलं आणि एवढंच विचारलं, "हा तक्ता कोणत्या सालचा?"

त्यावर साल नव्हतंच.

तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ फ्रीडमन यांच्या आलेखापर्यंत मागे जातो. 1955 सालचा त्यांचा अभ्यास एकाच रुग्णालयातल्या 500 पहिलटकरणींवर होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये प्रसूतीचा सक्रिय टप्पा, म्हणजे तोंड वेगाने उघडतं तो काळ, पाच सेंटिमीटरपासून धरला आणि तासाला एकचा नियम धोका ओळखायला भरवशाचा नाही, असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे माझ्या रुग्णेचा सक्रिय टप्पा सुरूच झाला नव्हता! अर्थात याचा अर्थ हातावर हात ठेवून बसा असा नाही. संघटनेच्याच 2020 च्या लेबर केअर गाइडमध्ये प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मर्यादा आहे: पाचवर सहा तास, नऊवर दोन. आणि ठोके बिघडले, तर घड्याळाकडे बघायचंच नाही.

तेव्हापासून कोणतीही गाइडलाइन हातात आली की आधी साल बघते, मग ती कोणत्या स्त्रियांसाठी आहे ते. त्यानंतर शिफारशीचं वजन. 'करावं' आणि 'परिस्थितीनुसार विचार करावा' यांत फार अंतर आहे, आणि नवखे दोन्ही एकाच सुरात वाचतात. दुसऱ्या प्रकारात रुग्णेशी बोलणं हाच उपचाराचा भाग असतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये माँटगोमेरी खटल्यात हेच धरलं. मधुमेह असलेल्या त्या आईला बाळाचा खांदा अडकण्याचा धोका सांगितलाच नव्हता. कोणता धोका सांगायचा, हे डॉक्टरच्या सोयीने ठरत नाही. त्या बाईला तो महत्त्वाचा वाटेल का, ते बघायचं.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात मात्र चर्चेला वेळ नसतो. तिथे प्रोटोकॉल हातात भिनलेला हवा. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका, माझा अंदाज तर नेहमी कमीच यायचा. मापाच्या खुणा असलेल्या ड्रेपमध्ये, म्हणजे अंगाखाली लावून रक्त गोळा करायच्या पिशवीत, मोजा. पूर्वी 500 मिलीची वाट बघायचो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या शिफारशीनुसार नैसर्गिक प्रसूतीनंतर 300 मिली गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल, तर लगेच सुरुवात करायची. गर्भाशयाचा मसाज, गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाइन आणि तपासणी, सगळं एकदम. ट्रॅनेक्झॅमिक प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत गेलं पाहिजे. आम्ही याचा सराव बाहुलीवर इतका केला की कंटाळा आला. तो कंटाळा येऊ द्या.

गाइडलाइन सोडून काही करावं लागलं, तर केसपेपरवर वेळ, कारण आणि कोणाशी बोललात ते तिथल्या तिथे लिहा. सकाळच्या राउंडला आठवून लिहिलेलं बरोबर ओळखू येतं.