घरच्या घरी होकायंत्र: आधी करा, मग त्याची उलटतपासणी घ्या

नागपूरला समुद्र नाही, पण होकायंत्र समजून घ्यायला वाटीभर पाणी पुरतं. सुरुवातीच्या खलाशांकडेही त्याहून फार काही नव्हतं.

शिवणाची लांब सुई, बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक, रुपयाएवढा थर्माकोलचा तुकडा आणि पसरट प्लास्टिकचं भांडं घ्या. मी पहिल्यांदा लोखंडी कपाटाशेजारी बसून हा उद्योग केला. माझी सुई उत्तर सोडून मुकाट्याने कपाटाकडेच बघायची.

सुई घासा. चुंबकाची एकच बाजू नेढ्यापासून अणीपर्यंत ओढत न्या. अणीशी पोचलं की चुंबक उचला आणि हवेतून परत नेढ्यावर आणा. असं चाळीस-पन्नास वेळा करा. मागे-पुढे घासलंत तर सगळी मेहनत वाया.

तरंगवा. पंखा बंद करा. सुई थर्माकोलवर आडवी ठेवून पाण्यात सोडा. ती आळोखेपिळोखे देत वळते आणि थांबते. बोटाने हलकेच फिरवा. पुन्हा त्याच जागी आली तर जमलं, नाहीतर पुन्हा घासा.

सुई स्थिर होईपर्यंत थोडं मागचं सांगतो. चीनमधल्या शेन कुओने 1088 च्या सुमारास चुंबकसुईबद्दल लिहिलं, आणि ती नेमकी दक्षिणेला नसून किंचित पूर्वेकडे कलते हेही तेव्हाच नोंदवलं. म्हणजे सुईवर संशय पहिल्यापासूनचाच! बाराव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधल्याच झू यूने लिहून ठेवलं की खलाशी रात्री तारे बघतात, दिवसा सूर्य, आणि आभाळ झाकोळलं की सुई. होकायंत्राची सगळी किंमत त्या शेवटच्या चार शब्दांत आहे. भूमध्य समुद्रातली जहाजं पूर्वी ढगाळ हिवाळ्यात बहुतेक बंदरात पडून असायची. सुई आल्यावर तेव्हाही निघू लागली. आपल्या हिंदी महासागरातले खलाशी पोकळ लोखंडी मासा पाण्यात तरंगवून दिशा बघतात, असं 1282 मधल्या एका अरबी ग्रंथात आहे. तुमच्या भांड्यातली सुई त्याच माशाची भावंड.

उत्तर कुठलं टोक? सुई हे सांगत नाही, सूर्य सांगतो. सपाट जमिनीवर काठी उभी रोवा आणि दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. सकाळची खूण पश्चिमेची. शुल्बसूत्रांपासून, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांपासून, चालत आलेली ही शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत. भर नवतपात मात्र हे करू नका. एक तर ऊन, आणि दुसरं म्हणजे मेच्या अखेरच्या आठवड्यात नागपुरात दुपारी काठीची सावलीच नाहीशी होते. सुईच्या उत्तरेकडच्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा.

रात्री ध्रुवतारा आहेच. हात ताठ करून क्षितिजावर मूठ धरा. दोन मुठींच्या जरा वर, साधारण 21 अंशांवर, तो सापडेल.

जागा बदलून बघा. गच्चीवर स्लॅबच्या सळया सुईला फितवतात. मोबाईलच्या होकायंत्रातही चुंबकीय सेन्सरच असतो, त्यामुळे चुंबकवाल्या कव्हरमध्ये तोही चकतो. एकोणिसाव्या शतकात जहाजं लोखंडाची झाली तेव्हा हेच दुखणं आलं. उपाय म्हणून होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे बसवले जाऊ लागले. आपल्याला कस्तुरचंद पार्कसारखं मोकळं मैदान पुरे. चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (ध्रुवाकडची) यांतला फरक नागपुरात एका अंशाच्याही आत आहे, तेवढं नशीब आपल्या बाजूने. समुद्रावर मात्र पाच अंशांची चूक शंभर किलोमीटरनंतर जहाजाला जवळपास नऊ किलोमीटर बाजूला नेते.

शेवटी फुटाळ्याला जा. तळ्याकाठी सूर्यास्त बघत सुई धरा. मार्च आणि सप्टेंबरच्या 21-22 तारखांच्या आसपास सूर्य बरोबर पश्चिमेला बुडतो. जूनअखेर मात्र तो पश्चिमेपासून 25 अंश उत्तरेला सरकलेला असतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. तेव्हा सुई आणि सूर्य यांचं पटलं नाही तर लगेच सुईला शिव्या देऊ नका, आधी कॅलेंडर बघा.