घर घेऊन भाड्याने द्यायचं की रिटमध्ये पैसे टाकायचे? आधी हा हिशोब करून बघा

घरांमध्ये पैसे गुंतवायचे म्हटलं की सगळे पहिलं विचारतात, रिटर्न किती टक्के. मला वाटतं त्याआधी एक प्रश्न विचारावा, भाडेकरू घर सोडून गेला तर पुढचा कोण शोधणार? तुम्हीच शोधणार असाल तर ती ॲक्टिव्ह गुंतवणूक, आणि दुसरं कोणीतरी शोधणार नि तुम्हाला त्यातलं काही कळणारसुद्धा नाही तर पॅसिव्ह. रिट (REIT), म्हणजे बऱ्याच लोकांचे पैसे गोळा करून मालमत्ता घेणारी आणि भाड्याने देणारी कंपनी किंवा ट्रस्ट, हा पॅसिव्हमधलाच प्रकार. घर घेतलं आणि प्रॉपर्टी मॅनेजरला देऊन टाकलं की झालं पॅसिव्ह, असं बरेच जण धरून चालतात, पण तसं होत नाही. मॅनेजर भाडं गोळा करेल, प्लंबर पाठवेल, पण छत बदलायचं की अजून एक वर्ष डागडुजीवर काढायचं, भाडं वाढवायचं की चांगला भाडेकरू टिकवायचा, कर्ज कुठलं घ्यायचं हे सगळं तुमच्याच गळ्यात राहतं, वर मॅनेजर नीट काम करतोय का हे बघायचं ते वेगळंच.

आधी ॲक्टिव्हचा हिशोब. समजा घराची किंमत १०० आणि वर्षाचं भाडं ६. तुम्हाला विकणारा हेच ६ टक्के सांगणार. आता नोंदणी, वकील, ब्रोकर, सुरुवातीची रंगरंगोटी धरून तुमचे प्रत्यक्षात गेले १०८. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं की ०.५ गेले, उरले ५.५. दुरुस्तीसाठी १ बाजूला ठेवा (किमतीच्या १ टक्का हा ढोबळ अंदाज झाला, जुन्या घराला जास्तच लागतो). मालमत्ता कर, विमा, इमारतीचा मेंटेनन्स मिळून ०.७ धरा. मॅनेजर जमा झालेल्या भाड्यातले १० टक्के घेत असेल तर त्याचे ०.५५. हातात राहिले ३.२५, त्याला १०८ ने भागा, आले ३ टक्के, आणि यात कर्जाचा हप्ता नि इन्कम टॅक्स अजून धरलेलाच नाहीये. कागद घ्या आणि याच क्रमाने तुमचे आकडे टाका, कुठलीही ओळ गाळू नका.

मग मॅनेजर न ठेवता स्वतः बघितलं तर ०.५५ वाचतात ना? वाचतात, पण ते वाचलेले पैसे नाहीत, ती तुमची मजुरी आहे. वर्षभरात त्या घरापायी किती तास जातात ते लिहून ठेवा आणि भागून बघा. भाडेकरू टिकलेला असतो तेव्हा काम फार नसतं, सगळा वेळ खातो तो भाडेकरू बदलण्याचा काळ, म्हणजे डिपॉझिटचा हिशोब, साफसफाई, फोटो, घर दाखवणं, नव्या माणसाचं उत्पन्न आणि आधीच्या घरमालकाकडची चौकशी, करार. तासाला पडलेला आकडा तुमच्या नोकरीपेक्षा खूप कमी येत असेल आणि हे काम आवडतही नसेल तर स्वतःला फसवू नका.

ॲक्टिव्हची खरी ताकद मात्र दुसरीकडे आहे आणि ती मोठी आहे. तुम्ही घासाघीस करून बाजारभावापेक्षा स्वस्तात घेऊ शकता, अडचणीत असलेलं घर दुरुस्त करून त्याची किंमत स्वतःच्या हाताने वाढवू शकता, पॅसिव्हमध्ये यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. दुसरं म्हणजे कर्ज. स्वतःचे २० आणि बँकेचे ८० असतील आणि किंमत १० टक्के वाढली तर तुमच्या २० वर १० मिळाले, म्हणजे ५० टक्के, व्याज सोडून. किंमत १० टक्के पडली तर तसेच अर्धे गेले. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च रोख बाजूला असल्याशिवाय घेऊच नका, यावर मी ठाम आहे.

आता पॅसिव्ह. यातला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे शेअर बाजारात नोंदलेला रिट. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने हा प्रकार सुरू झाला आणि तिथे रिटला करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटावा लागतो, पुढे बऱ्याच देशांनी असेच नियम केले. घेताना तो खरंच राहत्या घरांचा आहे का ते बघा, कारण ऑफिस, गोदामं, मॉल यांचेही रिट असतात आणि त्यांचं गणित वेगळं. राहत्या घरांचे करार साधारण वर्षाचे, त्यामुळे भाडं लवकर वाढवता येतं आणि बाजार पडला तर लवकर कमीही होतं. नुसता निव्वळ नफा बघू नका, त्यातून घसारा (इमारत जुनी होते म्हणून दरवर्षी कागदोपत्री धरलेला खर्च) वजा झालेला असतो, एफएफओ (funds from operations) नावाचा आकडा बघा, त्यात घसारा परत मिळवलेला असतो आणि मालमत्ता विकून झालेला नफा काढलेला असतो. मग किती घरं भरलेली आहेत आणि कर्ज किती, ते कधी फेडायचंय एवढं बघा.

दुसरा प्रकार म्हणजे खाजगी गट, जिथे एक जण इमारत घेऊन चालवतो आणि बाकीचे फक्त पैसे देतात. इथे खूप सावध राहा. चालवणाऱ्याचे स्वतःचे पैसे किती लागलेत, खरेदीची फी, दरवर्षीची फी आणि नफ्यातला वाटा मिळून तो किती नेतो, मध्येच अजून पैसे मागू शकतो का, आणि कर्ज स्थिर दराचं आहे की बदलत्या, हे लेखी मागा. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, अमेरिकेत मार्च २०२२ पासून व्याजाचे दर शून्याच्या आसपास होते ते वर्ष-सव्वा वर्षात ५ टक्क्यांच्या वर गेले आणि बदलत्या दरावर घेतलेल्या अपार्टमेंट इमारतींचे हप्ते अक्षरशः भाड्याला गिळायला लागले.

आणि पॅसिव्ह म्हणजे पैसे कधीही परत, हेही खरं नाही. ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या ब्रीट या बाजारात न नोंदलेल्या मोठ्या रिटने २०२२ च्या शेवटी पैसे काढण्यावर मर्यादा लावली, महिन्याला निव्वळ मालमत्तेच्या (कर्ज वजा जाता) २ टक्के आणि तिमाहीला ५ टक्के, ही अट आधीपासून कागदावर होतीच, फक्त रांग लागल्यावर लोकांना तिची आठवण झाली. नोंदलेल्या रिटचा भाव रोज हलतो म्हणून तो जास्त धोक्याचा वाटतो, न नोंदलेल्याचा भाव रोज ठरतच नाही म्हणून तो शांत दिसतो, आतली घरं सारखीच असतात.

ज्याचं ठरत नाहीये त्याने आधी नोंदलेल्या रिटमध्ये थोडी रक्कम टाकावी आणि वर्षभर आपल्याला परवडेल अशा घरांचा वरचा हिशोब प्रत्यक्ष भाव विचारून करत राहावं, खरेदी न करता. वर्ष संपेपर्यंत घरं बघायला जायचा कंटाळा आलेला असेल तर रिटमध्येच पैसे वाढवत जा, आणि एखादं घर सगळे खर्च धरूनही पटतंय असं वाटलं तर तेव्हा बँकेत जाऊन कर्जाची चौकशी करा.