टोकन लावलंय, दिवा लागलाय, पण सही होत नाही? डीएससीच्या या चुका टाळा

"टोकन लावलंय, दिवाही लागलाय, पण यादीत माझं नावच येत नाही." सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की हे फोन सुरू होतात. टॅक्स ऑडिटची मुदत तोंडावर असते, सदाशिव पेठेतल्या सीएंच्या ऑफिसात चहावर चहा चाललेला असतो आणि जो तो टोकन (सहीची किल्ली असलेलं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं यूएसबी उपकरण) काढून परत लावत असतो. पुण्यातल्या काही लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. डीएससीची (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटची, म्हणजे कॉम्प्युटरवरून करायच्या सहीची) दुखणी इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाहीत.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. डीएससी म्हणजे किल्ल्यांची जोडी. (मुंबईकर चावी म्हणतील, आपण किल्लीच म्हणू.) खासगी किल्ली टोकनच्या चिपमध्ये तयार होते आणि तिथून बाहेर निघत नाही. जाहीर किल्ली सर्टिफिकेटात असते, ती कोणालाही दिली तरी चालते. पिन फक्त टोकनचं दार उघडतो. या तिन्हींत गल्लत झाली की पुढचे सगळे घोटाळे होतात.

टोकन दिसतच नाही

दहातल्या सात वेळा ड्रायव्हरची (कॉम्प्युटरला टोकन ओळखू देणाऱ्या सॉफ्टवेअरची) भानगड असते. ईपास, प्रॉक्सकी, एमटोकन या टोकनांपैकी प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. एकाच कॉम्प्युटरवर चार कंपन्यांचे ड्रायव्हर टाकले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. नको ते काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि एका वेळी एकच टोकन लावा.

दुसरं कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. टोकन ऑफिसच्या पीसीला लावलेलं असतं आणि तुम्ही कोथरूडमधल्या घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने त्या पीसीवर काम करता. रिमोट डेस्कटॉप तिथलं टोकन दाखवत नाही, तो तुमच्या हातातल्या लॅपटॉपला लावलेलं टोकन शोधतो. तेव्हा टोकन सोबत घरी न्या, नाहीतर एनीडेस्कसारखं, समोरचा पडदा जसाच्या तसा दाखवणारं काहीतरी वापरा.

जुन्या पीसीची घड्याळाची बॅटरी संपली की तारीख कुठल्या कुठे जाते आणि परवा घेतलेलं सर्टिफिकेट 'अजून सुरू झालेलं नाही' असं सांगतं. खालच्या कोपऱ्यातली तारीख बघायला दोन सेकंद लागतात. जीएसटीच्या साइटवर एमसाइनरशी (तिथे सही करून देणाऱ्या सॉफ्टवेअरशी) कनेक्शन होत नाही असं आलं, तर एमसाइनर बंद करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने परत सुरू करा.

पिन आठवत नाही म्हणून फॉरमॅट

इथे मात्र थांबा. पिन ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. मग कोणीतरी भाचा-पुतण्या नेटवर बघून सांगतो, "काका, फॉरमॅट करा, नवं होईल." टोकन नवं होतं खरं, पण आतली किल्ली कायमची जाते. ती कुठेही कॉपी नसते, त्यामुळे परत मिळत नाही. सहीची किल्ली असेल तर पैसे आणि दोन दिवस जातात, नवं सर्टिफिकेट घेऊन काम सुरू होतं. जुन्या सह्यांना काही होत नाही, कारण त्या तपासायला जाहीर किल्ली पुरते.

एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारी किल्ली गेली तर गोष्ट वेगळी. चाकणकडच्या एका निर्यातदाराकडे परदेशी गिऱ्हाइकाशी होणारा सगळा पत्रव्यवहार आउटलुकमधून एन्क्रिप्ट होऊन यायचा. सर्टिफिकेटची मुदत संपली, नवं घ्यायला माणूस बोलावला, त्याने शिरस्त्याप्रमाणे आधी टोकन फॉरमॅट केलं आणि मग नवं सर्टिफिकेट उतरवलं. नवीन मेल झकास उघडायला लागले. जुने अडीच वर्षांचे मेल इनबॉक्समध्ये आहेत, विषय दिसतो, तारीख दिसते, आतलं वाचता येत नाही. साहेब मला विचारत होते, "नवं सर्टिफिकेटही माझ्याच नावाचं आहे ना?" नाव तेच आहे, किल्ली वेगळी आहे. मेल नावाने बंद होत नाही, किल्लीने होतो. त्या मेलचं पुढे काही झालं नाही, आणि काही करताही येत नाही.

म्हणून एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट नवं करताना जुनं टोकन कोणाच्या हाती देऊ नका. नव्यासाठी नवं टोकन घ्या. जुन्यावर मुदतीची तारीख लिहून ते तिजोरीत ठेवा, पिन दुसरीकडे लिहा. मुदत संपलेल्या किल्लीने जुने कागद उघडता येतात. किल्ली टोकनऐवजी .पीएफएक्स फाइलच्या रूपात मिळाली असेल, तर तिची पासवर्ड असलेली प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

टेंडर भरणाऱ्यांना 'कॉम्बो' हा शब्द माहीत असतो: एक सर्टिफिकेट सहीचं, एक एन्क्रिप्शनचं. यादीत दोन्ही एकाच नावाने दिसतात आणि घाईत चुकीचं निवडलं जातं. सर्टिफिकेट उघडून 'की यूसेज' बघा. 'डिजिटल सिग्नेचर' असेल तर सहीचं, 'की एन्सायफरमेंट' असेल तर कुलपाचं. भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्यांनी दुपारी तीनच्या मुदतीला पावणेतीन वाजता ही तपासणी केली होती. असो.

वर्डऐवजी लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी वेगळी खबरदारी. तिथे ६.० आवृत्तीपासून जीपीजी (सर्टिफिकेट न घेता स्वतः बनवायच्या) किल्लीनेही फाइल बंद करता येते. विंडोजवर त्यासाठी जीपीजी फॉर विन लागतं. फाइल सेव्ह करताना समोरच्याची किल्ली निवडली आणि स्वतःची विसरलात, तर आपलीच फाइल आपल्याला उघडत नाही. 'ऑप्शन्स'मध्ये 'यूजर डेटा'खाली 'नेहमी स्वतःसाठीही एन्क्रिप्ट करा' अशा अर्थाची खूण आहे, ती आजच करा.

सहीनंतर "एवढी एकच चूक"

वर्डमध्ये सही केली आणि मग 'श्री'च्या जागी 'श्रीमती' केलं, की सही गेली. ती तशीच जायला हवी, सहीचं कामच ते आहे. वर्डमध्ये सही करून नंतर पीडीएफ काढली तरी सही पीडीएफात येत नाही. आधी पीडीएफ, मग सही. सही केलेली पीडीएफ 'प्रिंट टू पीडीएफ'ने पुन्हा काढली, तर हाती सहीचं फक्त चित्र उरतं.

पिवळं प्रश्नचिन्ह

महाभूमीवरून १५ रुपये भरून सातबारा उतरवला आणि अ‍ॅडोब रीडरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं, की लोक घाबरून तलाठ्याकडे धावतात. त्याचा अर्थ सही खोटी असा नव्हे. ज्या मूळ प्रमाणपत्रावरून ती सही आली, त्याची रीडरला ओळख नाही, एवढंच. सहीवर राइट क्लिक करा, 'शो सिग्नेचर प्रॉपर्टीज', मग 'शो सायनर्स सर्टिफिकेट'. डावीकडच्या साखळीतलं सगळ्यात वरचं, म्हणजे 'सीसीए इंडिया'चं (सर्टिफिकेट देणाऱ्यांना परवाना देणाऱ्या सरकारी यंत्रणेचं) नाव निवडा आणि 'ट्रस्ट' टॅबमधून त्यावर विश्वास ठेवा. खालच्या माणसाचं सर्टिफिकेट निवडून 'विश्वास आहे' म्हणू नका. तशी सवय लागली तर उद्या बनावट सर्टिफिकेटलाही हिरवी खूण मिळेल. लाल फुली आली तर मात्र सही बाद आहे, कागद बदललेला असू शकतो, तो परत करा.

टोकन सीएकडे, पिन चिठ्ठीवर

यावर मी वर्षानुवर्षं भांडतोय. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी सर्टिफिकेट ज्याच्या नावावर आहे त्याची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर सर्टिफिकेट देणाऱ्याला लगेच कळवायचं. पण पेठेतल्या एका ऑफिसात रबरबँड लावलेल्या टोकनांचा बिस्किटाचा डबा आहे, प्रत्येकाला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पिन. त्यातल्या एकावर पिन देवनागरी आकड्यांत होता. मी विचारलं, तर त्या ऑफिसातले काका म्हणाले, "परक्या माणसाला वाचता येऊ नये म्हणून."