टाकीच्या रंगाला येणारे फोड असे थांबले

घर मालवणात, समुद्राला लागून. मोटरसायकल शंभर सीसीची. तिची पेट्रोलची टाकी रंगवली की दोन महिन्यांत कडेला तांदळाएवढे फोड येत, नखाने उचकटले की खाली तांबूस पाणी. दोनदा स्प्रे कॅन, एकदा रेड ऑक्साईड, तिन्हीदा तेच. मेहनत वाया गेल्याचा संताप फार झाला.

दोष रंगात नव्हता. गंज घासला तरी बारीक खड्ड्यांत खार राहतो आणि रंगाखाली ओल ओढून घेतो.

या वेळी टाकी उतरवली, रिकामी करून दोन दिवस उघडी ठेवली, मग तोंडं बंद केली. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लखलखीत पत्रा दिसेपर्यंत हाताने घासली. ब्रशने तीनदा धुतली. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून शेवटचं धुणं बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्याने (ॲसिड नव्हे). हे धुणंच सगळ्यात महत्त्वाचं. लगेच पुसून कोरडी केली, १८० चा पेपर फिरवला, थिनरने पुसली आणि उघड्या हाताने न शिवता दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी ४०० चा पाणपेपर, पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे तीन पातळ हात, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. पीयू मारताना कापडी मास्क चालत नाही, वाफ गाळणारा कार्ट्रिजवालाच हवा.

काम जानेवारीत केलं, दव सुकल्यावर. पावसाळा उलटला, एकही फोड नाही.